डीपीपासून मोटारीपर्यंत: जड यंत्राला वीज देण्याआधी

हळद शिजून, वाळून पॉलिशला लागली की पलूस-तासगाव पट्ट्यातल्या आमच्या वायंडिंगच्या, म्हणजे मोटारीच्या कॉइल नव्याने भरण्याच्या, दुकानात जळक्या मोटारी यायला लागतात. कुणाची पॉलिशच्या ड्रमची, कुणाची कडबाकुट्टीची, कुणाची नदीवरच्या पंपाची. गेल्या हंगामात एक गिऱ्हाईक पंधरा दिवसांत तीच तीन एचपीची मोटार दुसऱ्यांदा घेऊन आलं. "अण्णा, तुम्हीच भरून दिली होती की! तांबं हलकं घातलंत का काय?" त्याचा राग खोटा नव्हता. ड्रम बंद, पोती पडून, माणसांची हजेरी अंगावर. मी त्याच्यासमोरच मोटारीचं कव्हर काढलं. जळक्या वार्निशचा वास आला. आत कॉइलचे गट ओळीने बघत गेलो: दोन काळे, एक पिवळा, पुन्हा दोन काळे, एक पिवळा. काळ्या कॉइलचा कोळसा झालेला आणि पिवळ्या कॉइल मधाच्या रंगाच्या, कालच भरल्यासारख्या.

तांबं हलकं असतं किंवा बोजा जास्त झाला असता तर सगळ्या कॉइल सारख्या काळ्या पडल्या असत्या. स्टार जोडणीच्या मोटारीत, म्हणजे कॉइलच्या तिन्ही गटांची एकेक टोकं एकत्र बांधलेली असतात तिथे, दोन गट जळून तिसरा कोरा राहतो, तेव्हा एक फेज, म्हणजे मोटारीला येणाऱ्या तीन जिवंत तारांपैकी एक, गेलेला असतो आणि मोटार दोन फेजवर रेटत राहिलेली असते. (डेल्टा जोडणीत, म्हणजे गट त्रिकोणात जोडलेले असले तर, उलटं दिसतं, तिथे एकच गट जळतो.) आम्ही दोघं त्याच्या शेडवर गेलो. किटकॅट फ्यूजच्या पेटीत मधल्या फेजचा स्क्रू सैल होता, तिथली तार काळी-निळी पडली होती आणि पेटीचं चिनीमातीचं भांडं तडकलं होतं. पाच मिनिटांचं काम, आणि त्यापायी दोनदा वायंडिंग.

माझं सांगणं एवढंच आहे की मोटार जळण्याचं कारण बहुतेक वेळा मोटारीच्या बाहेर, तिच्यापर्यंतच्या वाटेवर असतं. म्हणून ती वाट डीपीकडून, म्हणजे खांबावरच्या ट्रान्सफॉर्मरकडून, मोटारीकडे क्रमाने चालून बघू. मीटरच्या अलीकडचं सगळं, म्हणजे डीपी, खांब, तिथून येणारी तार, महावितरणचं आहे. डीपीतला फ्यूज कुणीही स्वतः टाकायचा नाही, १९१२ वर तक्रार द्यायची. मीटरनंतरची जोडणीही परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या. पण त्याने काय केलं आणि का केलं हे आपल्याला कळलं पाहिजे, कारण रोज बटण आपण दाबतो.

आधी वीज समजून घेऊ

ज्याने नदीवरून मळ्यापर्यंत पाइपलाइन टाकली आहे, त्याला वीज समजायला अवघड नाही. पाइपातला दाब म्हणजे व्होल्ट. वाहणारं पाणी म्हणजे अँपिअर. पाइप बारीक आणि लांब असला की घर्षणात हेड जातं आणि शेवटच्या चेंबरला पाणी रडत येतं. तारेतही तसंच होतं, त्याला रोध म्हणतात आणि तो ओहममध्ये मोजतात. फरक इतकाच की पाइपात वाया गेलेला दाब दिसत नाही, तारेत तो उष्णता होऊन बाहेर पडतो. ही उष्णता करंटच्या वर्गाने वाढते. करंट दुप्पट झाला तर उष्णता चौपट, तिप्पट झाला तर नऊपट. सैल स्क्रू का जळतो, बारीक केबल का वितळते, बोजा वाढला की मोटार का तापते, या सगळ्याचं मूळ इथे आहे.

आपल्याकडे सिंगल फेज म्हणजे फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० व्होल्ट. थ्री फेज म्हणजे कुठल्याही दोन फेजमध्ये ४०० ते ४१५ व्होल्ट. वारंवारिता ५० हर्ट्झ. बल्ब, पंखा, फ्रिज २३० वर चालतात. थ्री फेज मोटारीला न्यूट्रल लागत नाही, पण तिन्ही फेज सारखे लागतात.

नेमप्लेट वाचा

यंत्र जुनं घ्या नाहीतर नवं, पहिलं काम म्हणजे मोटारीवरची पाटी फडक्याने पुसून वाचणं आणि मोबाइलवर फोटो काढून ठेवणं. एचपी किंवा किलोवॅट (१ एचपी म्हणजे ७४६ वॅट), व्होल्ट, अँपिअर, आणि स्टार की डेल्टा, एवढं हवंच. यातला अँपिअरचा आकडा सगळ्यात महत्त्वाचा. केबल, स्टार्टर (मोटार चालू-बंद करणारी पेटी), रिले सगळं त्यावर ठरतं.

पाटी निघून गेली असेल तर अंदाज असा: थ्री फेज मोटार पूर्ण बोज्यावर एचपीच्या साधारण दीडपट अँपिअर ओढते. ५ एचपीला साडेसात, साडेसात एचपीला ११, १० एचपीला १४-१५. सिंगल फेजला हाच आकडा एचपीमागे साडेपाच ते सहा अँपिअर होतो. म्हणून २ एचपीची सिंगल फेज कडबाकुट्टी ११-१२ अँपिअर ओढते. घरातल्या ६ अँपिअरच्या सॉकेटवर ती चालवली की सॉकेट पिवळं पडून मऊ होतं, ते यामुळेच.

हा झाला चालू असतानाचा करंट. सुरू होण्याच्या क्षणी थेट (एकदम पूर्ण व्होल्टेज देणाऱ्या) स्टार्टरवर मोटार पूर्ण बोज्याच्या सहा-सातपट ओढते, काही सेकंदच, पण ओढते. स्टार-डेल्टा स्टार्टर सुरुवातीला कॉइलवर कमी व्होल्टेज देतो, त्यामुळे सुरुवातीचा करंट एक तृतीयांश होतो. मात्र मोटारीची ताकदही त्या वेळी एक तृतीयांशच असते. म्हणून गुऱ्हाळाच्या चरकात ऊस अडकलेला असताना, किंवा हळदीने भरलेला ड्रम मध्येच थांबला असताना, स्टार-डेल्टावर पुन्हा सुरू करायला जाल तर मोटार नुसती घुमते. आधी यंत्र मोकळं करा.

आपल्या कनेक्शनचा मंजूर भारही बघून ठेवा. पंपाची परवानगी ५ एचपीची आणि खाली साडेसातची मोटार, हे सर्रास चालतं. दोन-चार शेतकऱ्यांनी असं केलं की सगळ्या डीपीचं व्होल्टेज बसतं आणि प्रामाणिकपणे पाचची मोटार चालवणाऱ्याचीही जळते. वेल्डिंग मशीन दोन फेजवर जोडलेलं असेल तर तेवढ्या वेळात त्याच पेटीवर मोटार चालवू नका. दोन फेजवर ताण येतो, तिसरा मोकळा राहतो आणि मोटारीला तिन्ही फेज सारखे मिळत नाहीत.

केबल: इथे पैसे वाचवू नका

लोक मोटार चांगल्या कंपनीची घेतात आणि केबल बाजारात सगळ्यात स्वस्त मिळेल ती. एक हिशेब करून दाखवतो.

पेटीपासून विहीर २०० मीटर, मोटार साडेसात एचपी, करंट ११ अँपिअर. अडीच चौरस मिलिमीटर तांब्याच्या तारेचा रोध किलोमीटरला साधारण ७.४ ओहम, म्हणजे २०० मीटरला १.४८. त्याला ११ ने गुणलं की १६.३. थ्री फेजसाठी १.७३ ने गुणायचं. आले २८ व्होल्ट. पेटीत ४०० असतील तर विहिरीवर ३७२. पण उन्हाळ्यात, लाइनच्या शेवटाला, पेटीतच ३६० मिळतात, मग विहिरीवर ३३२ उरतात. मोटारीची ताकद व्होल्टेजच्या वर्गाने घटते. व्होल्टेज ८० टक्के झालं तर ताकद ६४ टक्के. पंप तेवढंच पाणी उचलायला बघतो, मोटार जास्त अँपिअर ओढते, तापते, आणि महिन्याभरात आमच्याकडे येते.

तीच केबल ६ चौरस मिलिमीटरची घेतली तर किलोमीटरला रोध ३.०८ ओहम. हिशेब येतो पावणेबारा व्होल्ट, म्हणजे ३ टक्क्यांच्या आत. माझा नियम हाच: केबलमध्ये ३ टक्क्यांपेक्षा जास्त व्होल्टेज जाऊ द्यायचं नाही. ॲल्युमिनियम वापरणार असाल तर १० चौरस मिलिमीटर ॲल्युमिनियम म्हणजे साधारण ६ चौरस मिलिमीटर तांबं. ॲल्युमिनियम वाईट नाही, पण त्याचा जोड काळजीने करावा लागतो.

जोडाबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण निम्म्या तक्रारी तिथेच सुटतात. तांब्याची तार आणि ॲल्युमिनियमची तार एकमेकींना पिळून वर टेप गुंडाळलेला जोड एकदा उघडून बघा. आत पांढरी भुकटी असते, टेपचा चिकटा वितळून खाली ओघळलेला असतो आणि तारेचे दोन-तीन पदर तुटलेले. दोन वेगळे धातू ओलाव्यात एकत्र आले की गंजतात, ॲल्युमिनियम दाबाखाली हळूहळू बसतं आणि जोड सैल होतो. सैल जोडाचा रोध वाढतो, तो तापतो, तापून आणखी सैल होतो. उपाय म्हणजे दोन धातूंसाठी मिळणारा खास लग, म्हणजे तारेच्या टोकाला बसणारं धातूचं टोपण, क्रिंपिंगच्या पकडीने दाबलेला. हातोडीने ठोकलेला लग म्हणजे लग नाही. शक्यतो मध्ये जोडच नको, सलग केबल घ्या. घ्यावाच लागला तर तो पाटाच्या, चिखलाच्या वर, बंद पेटीत ठेवा. ट्रॅक्टर जातो तिथे आर्मर्ड (धातूच्या कवचाची) केबल पाइपातून न्या. आणि हंगाम सुरू होण्याआधी एकदा, मेन बंद करून, खरंच बंद आहे हे टेस्ट लॅम्पने बघून, पेटीतला प्रत्येक स्क्रू वायरमनकडून आवळून घ्या.

कोणतं संरक्षण कशासाठी

"एमसीबी आहे की, मग मोटार जळली कशी?" हे मला आठवड्यातून एकदा तरी ऐकावं लागतं. एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच, केबल वाचवतो. शॉर्ट झालं की झटकन पडतो. मोटारीसाठी सी किंवा डी प्रकारचा लागतो, कारण बी प्रकारचा सुरुवातीच्या झटक्यालाच पडतो, आणि मग लोक वैतागून मोठा बसवतात.

मोटार वाचवतो तो स्टार्टरमधला ओव्हरलोड रिले. त्याच्यावर एक छोटी चकती असते, ती मोटारीच्या पाटीवरच्या अँपिअरवर लावायची. इथे एक चूक जाणत्यांकडूनही होते. स्टार-डेल्टा स्टार्टरमध्ये रिले बहुतेक वेळा कॉइलच्या वाटेत असतो आणि तिथून लाइनच्या ५८ टक्केच करंट जातो. १० एचपीची मोटार लाइनमधून १४ अँपिअर ओढत असेल तर रिलेतून ८ च्या आसपास जातात. चकती १४ वर ठेवली तर मोटार पाऊणपट जास्त ओढत राहिली तरी रिले गप्प बसतो. आपल्या स्टार्टरची चकती कुठे आहे ते आजच बघा.

एक फेज गेला तर मोटार तोडणारं सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर वेगळं घ्या. वायंडिंग भरण्याच्या खर्चापुढे त्याची किंमत फार थोडी आहे. त्या हळदवाल्याच्या पेटीत आता तेच बसवलंय.

आता 'ऑटो'विषयी. शेतीची थ्री फेज लाईट पाळीने येते, कधी रात्री. रात्री उठून नदीवर जायला नको म्हणून लोक लाईट येताच मोटार आपोआप सुरू करणारा ऑटो स्विच बसवतात, आणि साप-विंचवाच्या अंधारात ते का बसवतात हे मला पूर्ण समजतं. पण लाईट आल्या क्षणी एका डीपीवरच्या पंधरा-वीस मोटारी एकदम उठल्या की सहापट करंट एकाच वेळी ओढला जातो, डीपीतला एखादा फ्यूज उडतो आणि उरलेल्या सगळ्या मोटारी दोन फेजवर येतात. ऑटो ठेवायचाच असेल तर उशिरा सुरू करणारा टायमर लावा, आणि एका डीपीवरच्या लोकांनी बसून वेळा वाटून घ्या, कुणी एक मिनिट, कुणी दोन, कुणी चार.

हात जातो अशा यंत्रावर मात्र ऑटो कधीच नको. कडबाकुट्टी, गिरणी, चरक, पॉलिशचा ड्रम. स्टार्टरमधली नो-व्होल्ट कॉइल लाईट गेली की स्टार्टर सोडून देते, म्हणजे लाईट परत आली तरी यंत्र आपोआप फिरत नाही. काही जण बटण सारखं पडतं म्हणून ते काडी खुपसून किंवा दोरीने बांधून ठेवतात. लाईट गेलेली असताना कुणी पात्यातला अडकलेला कडबा काढत असेल आणि तेवढ्यात लाईट आली, तर हात गेला. यंत्रात हात घालण्याआधी मेन पाडा आणि फ्यूज खिशात ठेवा.

अर्थिंग

हे लिहिताना मला आमचा गोठा आठवतो. पावसाळ्याचे दिवस होते. आई म्हणाली, "कुट्टीच्या यंत्राला हात लागला की मुंग्या येतात रे." मी म्हणालो, रविवारी बघतो. शुक्रवारी म्हशीने यंत्राच्या पायाला तोंड लावलं आणि ती जागेवर पडली. आई तिच्यापासून चार पावलांवर होती. माझा धंदा विजेचा, आणि मी रविवारवर ढकललं होतं.

नंतर तपासलं. मोटारीच्या पेटीत एका तारेचं आवरण कंपनाने घासून उघडं पडलं होतं आणि तार अंगाला टेकली होती. अर्थिंग होतं, पण पाइप कोरडा, वरची पट्टी गंजलेली. मोजलं तर ५० ओहमच्या आसपास भरलं. हिशेब करा: २३० भागिले ५० म्हणजे ४.६ अँपिअर. १६ अँपिअरचा एमसीबी एवढ्याने पडत नाही. म्हणजे यंत्राचं अंग दोनशेच्या वर व्होल्टवर तसंच जिवंत उभं होतं. अर्थिंग याहून बरंच चांगलं, १० ओहमचं असतं, तरी २३ अँपिअरच आले असते आणि एमसीबी लगेच पडला नसता. "अर्थिंग केलंय, आता भीती नाही" हा समज म्हणूनच चुकीचा आहे.

माणसाच्या अंगातून अँपिअरचे दशांशही जावे लागत नाहीत, काही दहा-वीस हजारांश गेले तरी घात होऊ शकतो. दहा-वीस मिलिअँपिअरला (मिलिअँपिअर म्हणजे अँपिअरचा हजारावा भाग) हात चिकटतो, सुटत नाही. त्याहून जास्त झालं तर हृदयाची लय बिघडू शकते. इतका बारीक करंट एमसीबीला, फ्यूजला दिसतच नाही. तो ओळखतो आरसीसीबी. गेलेला करंट आणि परत आलेला करंट यांत फरक पडला की तो तोडतो. हात लागतो अशा प्रत्येक यंत्राला, म्हणजे कुट्टी, गिरणी, वेल्डिंग, गोठ्यातले दिवे, ३० मिलिअँपिअरचा बसवा. विहिरीतल्या पाणबुडी मोटारीच्या लांब, भिजलेल्या केबलवर तो विनाकारण पडत असेल तर तिथे १०० चा चालेल. महिन्याला एकदा टेस्टचं बटण दाबून तो पडतो का बघायचं. न्यूट्रल न जोडता थ्री फेजवर वापरला तर काही बनावटींत हे बटण चालत नाही, म्हणून जोडणीचा कागद फेकू नका.

अर्थिंग तरीही लागतंच, कारण आरसीसीबीला गळणारा करंट जायला वाट मिळते ती त्यातूनच. साधारण ४० मिलिमीटर व्यासाचा, अडीच मीटर लांब जीआय पाइप, भिंतीपासून दीड मीटर दूर, भोवती कोळसा-मीठ, वरून पाणी ओतायला नरसाळं. काळ्या रानात उन्हाळ्यात भेगा पडतात आणि पाइपाभोवती पोकळी होते, म्हणून मार्चपासून पुढे आठवड्याला दोन बादल्या पाणी ओता. थ्री फेज मोटारीच्या अंगाला दोन वेगळ्या अर्थिंगच्या पट्ट्या हव्यात, एक तुटली तरी दुसरी राहावी म्हणून. न्यूट्रलची तार अर्थिंग म्हणून यंत्राच्या अंगाला जोडू नका. न्यूट्रल कुठे तुटली की यंत्राच्या अंगावर वीज येते.

एक फेज आणि अर्थिंगचा पाइप यांवर मोटारघरातला बल्ब लावतात, तेही बंद करा. बल्बचा सगळा करंट त्या पाइपातून जमिनीत जातो. पाइपाची पट्टी तुटली तर तुटलेल्या टोकाला २३० व्होल्ट असतात, आणि ते टोक नेमकं ओल्या जमिनीवर पडलेलं असतं.

पहिल्यांदा सुरू करताना

तिन्ही फेजमधलं (त्यांना आर, वाय, बी म्हणतात) व्होल्टेज दोन-दोन करून मोजा: आर-वाय, वाय-बी, बी-आर. आठ-दहा व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल तर थांबा. व्होल्टेजमधला लहान फरक करंटमध्ये कितीतरी पट मोठा होऊन येतो. मग पट्टा काढून मोटार नुसती फिरवा. उलटी फिरली तर मेन बंद करून कुठलेही दोन फेज अदलाबदल करायला सांगा. मग बोजा लावून क्लॅम्प मीटरने (तारेभोवती चिमट्यासारखा लावून करंट मोजायचा मीटर) तिन्ही तारांचा करंट बघा आणि पेटीच्या दारावर खडूने लिहून ठेवा. पुढच्या वर्षी तोच आकडा वाढलेला दिसला तर बेअरिंग किंवा पट्ट्याचा ताण तपासायचा. क्लॅम्प मीटर गावात चौघांत मिळून एक घेतला तरी पुरतो.

जनरेटर लावणार असाल तर मोटारीच्या सुरुवातीच्या झटक्याचा विचार करा. थेट स्टार्टरवरच्या ५ एचपीला ५ केव्हीए (जनरेटरच्या ताकदीचं माप) पुरत नाही, साडेबारा-पंधरा केव्हीएपर्यंत जावं लागतं. जनरेटर आणि लाइन यांच्यामध्ये चेंजओव्हर स्विच, म्हणजे एका वेळी दोन्हींतलं एकच जोडणारा स्विच, हवाच. तो नसेल तर तुमची वीज डीपीतून उलटी वर चढून अकरा हजार व्होल्ट होते, आणि लाईट गेली म्हणून निर्धास्त खांबावर चढलेला लाइनमन त्याला टेकतो.

पुरानंतर

कृष्णा-वारणेच्या काठावर २०१९ आणि २०२१ ला आम्ही चिखलाने भरलेल्या मोटारींचे ढीग बघितले. पाणी वाढायला लागलं की आधी मेन बंद करून घ्या आणि मगच मोटार वर ओढा, चालू लाइनवर कमरेएवढ्या पाण्यात उतरून कुणीही मोटार सोडवू नये. बुडालेली मोटार, स्टार्टर, पेटी वरून वाळल्यासारखी दिसली तरी लाईट देऊ नका. गोड्या पाण्याने धुऊन, उघडून, बेअरिंग बदलून, कॉइल वाळवून मग ५०० व्होल्टच्या मेगरने (कॉइलचं आवरण शाबूत आहे का ते मोजणारं यंत्र) तपासायची. कॉइल आणि अंग यांत किमान १ मेगाओहम दाखवलं पाहिजे. वेळेत आणलेल्या बऱ्याच मोटारी वायंडिंग न बदलता वाचतात.

कुणाला शॉक लागून चिकटलेला दिसला तर त्याला हात लावू नका. आधी मेन पाडा. मेन लांब असेल तर कोरड्या जागी उभं राहून कोरड्या लाकडाने तार बाजूला करा. श्वास नसेल तर छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी, मिनिटाला १०० ते १२० या वेगाने दाबत राहा आणि दुसऱ्याला १०८ लावायला सांगा. डीपीची वरची तार किंवा तुटून पडलेली मोठ्या दाबाची तार असेल तर लाकूडही वाचवत नाही. तिथे सगळ्यांना लांब ठेवून १९१२ वर लाइन बंद करायला सांगा.

आणि मोटार जळलीच, तर भरायला आणताना नुसती मोटार आणू नका. स्टार्टर सोबत आणा, पेटीपासून मोटारीपर्यंतची पावलं मोजून आणा, केबलचा हातभर तुकडा आणा, आणि जळली तेव्हा शेजारच्याची मोटार चालू होती की बंद, हे विचारून या.